पाहिलेलं, ऐकलेलं

संध्याकाळच्या वंदनेत पंचशील मी पुढे म्हणते आणि मागून मुली म्हणतात. चाळीस गळे आहेत. त्यातला एखादा कमी पडला तर कळू नये. पण त्या मंगळवारी कळलं. हिंसा, चोरी आणि व्यभिचार या तिघांना रीतसर निरोप देऊन झाला, मी चौथं शील म्हटलं, खोटं न बोलण्याचं, आणि मागून जो आवाज परत आला त्यात खिडकीकडच्या बाजूला एक भोक होतं. पाचव्याला, म्हणजे दारूच्या शीलाला, ते भोक बुजलं. अकरा वर्षं मी, भिक्खुनी म्हणून, या विहारात रोज हेच म्हणते आहे, त्यामुळे माझं अर्धं लक्ष नेहमी दुसरीकडे असतं, खरकट्या पातेल्यांकडे, वरच्या टाकीच्या पाण्याकडे, हे मी कबूल करते. त्या दिवशी मात्र पाठीला कान फुटल्यासारखं झालं. वंदना संपेपर्यंत मागे वळायचं नाही हा नियम मीच मुलींना घालून दिलेला. तो मोडून मी वळले. दिपाली बसली होती. उजवा हात बँडेजसकट मांडीवर, डावा एकटाच छातीशी उभा धरलेला, जोडायला दुसरा नसल्यासारखा. ती माझ्याकडे पाहत नव्हती, ती मूर्तीकडे पाहत होती आणि तिचा चेहरा अगदी साधा होता.

नंतर जिन्यात ती डाव्या हातानं चपलेचा पट्टा ओढत होती. बरं नाही का, असं मी विचारलं. बरंय, म्हणाली. मग चौथं शील का म्हटलं नाहीस? ती थोडा वेळ पट्ट्याशी झटत राहिली. "मी ते पाळलं नाही ना, आर्याजी," ती म्हणाली. "हॉस्पिटलात ग्राइंडर सांगितलं मी. बाकीची चार पाळते, ती म्हणते." एवढं बोलून ती वर गेली. तिनं मला लागट काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी तिला समजावलं असतं, समजावण्याचा माझा हातखंडा आहे. तीच गोष्ट मीही सांगितली होती, वर सही करून, आणि मी मात्र पाचही शीलं खणखणीत आवाजात पुढे म्हणत होते, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते माझ्यावर सोडून दिलं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तशीच उभी राहिले आणि मला राग आला. आधी तिचाच आला, हेही सांगून टाकते.

कागद कुलदीपनं आणला होता. कुलदीप आमचा मोठा उपासक आणि त्याहून मोठा लेबर काँट्रॅक्टर. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच शिफ्टला होते. तो पाया पडतो तेव्हा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, तीन वेळा पडतो; हल्लीची पोरं मान हलवून मोकळी होतात, त्यामुळे त्याचं कौतुक वाटायचं. विहाराच्या वरच्या दोन मजल्यांवर मुलींचं वसतिगृह त्याच्याच खटपटीनं उभं राहिलं. खेड, जुन्नर, पार बीड-परभणीकडच्या मुली. कागदावर त्या आमच्या ट्रस्टच्या कौशल्य केंद्रात शिकत होत्या. प्रत्यक्षात सकाळी सहाला कुलदीपच्या गाड्या येत आणि त्यांना चाकणच्या शेडांमध्ये बारा तासांसाठी नेऊन सोडत. शिकणारी मुलगी कामगार नसते, म्हणून तिला विमा नाही, फंड नाही, काही झालं तर कुणाची जबाबदारी नाही. तीन-तीन वर्षं त्या एकच बटण दाबायला शिकत होत्या. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पोटापाण्याला लागल्यात, छप्पर आहे, दारुड्या बापांपासून लांब आहेत, असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

भाद्रपदातल्या एका शनिवारी पत्र्याचे तुकडे कापणाऱ्या प्रेसमध्ये दिपालीचा हात राहिला. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. वय वीस. भोसरीच्या एका लहानशा हॉस्पिटलात तिला नेलं आणि त्याच दुपारी कुलदीप कागद घेऊन विहारात आला. विहाराचे प्रमुख भंते सुगतसार खुर्चीवर होते, मी खाली चटईवर. कागदात लिहिलं होतं की वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेनऊला मसाला वाटताना कुमारी दिपाली हिचा हात ग्राइंडरमध्ये गेला, आणि हे अधीक्षिकेच्या समक्ष घडलं. त्या सकाळी साडेनऊला स्वयंपाकघरात माझ्या समक्ष फक्त एक मांजर होतं. न वाचता सही केली असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी तो नीट वाचला, एके ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दुरुस्तसुद्धा केली. भंते म्हणाले, कुणाचं वाईट करण्यासाठी आपण हे करत नाही आहोत. कुलदीप म्हणाला, फाइलला लागतो आर्याजी, कुठं जात नाही. मी लिहिलं, आर्या खंती, अधीक्षिका. खंती म्हणजे सहनशीलता. नाव भंतेंनीच ठेवलेलं. माणसाकडून आपल्याला जे हवं असतं तेच नाव लोक त्याला ठेवतात, हे मला उशिरा कळलं.

आणि आमच्याकडे ग्राइंडर नव्हताच. स्वयंपाकाच्या मावशी मसाला पाट्यावर वाटत, नाहीतर तयार पुडी आणत. सोमवारी टेम्पोतून एक ग्राइंडर आला, गोणपाटात गुंडाळलेला, कुठल्याशा हॉटेलातून उतरवलेला. बुडाशी जुन्या आंबलेल्या डाळीचा वास. मावशींनी विचारलं, हे धूड कशाला? मी म्हटलं, मसाल्याला. त्या वाक्यावर सही मागायला कुणी आलं नव्हतं, ते मी फुकटात बोलले. दुसऱ्या दिवशी मावशींनी हौसेनं त्यात शेंगदाण्याची चटणी केली. भंतेंनी दोनदा घेतली. माझ्या ताटात आली तेव्हा मी घास तोंडात धरून बसले. तो गिळेना आणि टाकताही येईना, कारण दानात आलेलं टाकायचं नसतं. शेवटी पाण्याबरोबर ढकलला. बारानंतर आम्ही जेवत नाही, त्यामुळे तो घास दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्या घशातच राहिला. मुलींपैकी कुणीही त्या ग्राइंडरला हात लावला नाही. त्याच्यावर त्या ओली फडकी वाळत घालू लागल्या.

अशा वेळी दादा आठवतात. दादा म्हणजे माझे वडील, भिवा, पिंपरीच्या एका कंपनीत ओतशाळेत होते. हा विहार त्यांनी आणि त्यांच्या शिफ्टनं रविवारच्या सुट्ट्यांत हातांनी बांधला. मी सात-आठ वर्षांची असेन, घमेल्यात दोनच विटा घालून मला रांगेत उभी करत आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणत, त्यांनी बघितलं बरं का तुला. दादांच्या शेजारी समाधानकाका काम करायचे. एकदा ओतताना भट्टीचा रस सांडला आणि समाधानकाका कमरेपासून खाली भाजले. कंपनीनं म्हटलं, तो पिऊन आला होता. चौकशी बसली आणि दादांना बोलावलं, कारण ते पाच हातांवर उभे होते. दादांनी चौकशीत सांगितलं, मी पाहिलं नाही. एवढंच. नोकरी राहिली. मी शाळेत जात राहिले. माझी दहावी त्या वाक्यावर झाली, असं म्हणायला हरकत नाही. पण त्यानंतर दादा विहारात पुढे बसलेले मला आठवत नाहीत. स्वतः घातलेल्या फरशीवर ते शेवटी, चपलांच्या जवळ बसत. आई म्हणायची, पुढं या की. ते म्हणायचे, इथून ऐकू येतं. मी मोठी होऊन त्यांना मनातल्या मनात भित्रा म्हटलं होतं, आणि या भाद्रपदात त्यांच्यावर मात केली. त्यांनी निदान पाहिलेलं पाहिलं नाही म्हटलं; मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहून दिलं.

जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी मी चाकणला गेले. कशाला, ते जाताना मला सांगता आलं नसतं. भोसरीहून बस पकडली, कंडक्टरनं तिकीट घेऊ दिलं नाही, एका बाईनं जागा दिली, आणि त्या सगळ्या आदरानं माझ्या अंगाला खाज सुटल्यासारखं झालं. शेड मेन रोडपासून आत, चिखलातून. पहारेकरी भला माणूस होता. मी भिक्षेला आले असं तो धरून चालला. माताजी, इथं शिजवत नाहीत काही, म्हणाला, थांबा, बिस्किटाचा पुडा आहे. तो आणायला तो केबिनमध्ये वळला आणि मी अर्ध्या उघड्या शटरखालून वाकले. एका भिक्खुनीनं असं वाकून डोकावणं शोभत नाही, पण शोभण्याचा विषय मी भाद्रपदातच संपवला होता. आत प्रेसवर करिष्मा उभी होती. आमचीच करिष्मा, दुसऱ्या मजल्यावरची, जिच्या हसण्यावरून मी रोज ओरडते. यंत्राच्या तोंडाशी दोन उभे पिवळे खांब होते. हात मध्ये आला की दट्ट्या थांबवायचं ज्याचं काम, तो सेन्सर त्यांत बसवलेला असतो. दिपालीनं मला हॉस्पिटलात सांगितलं होतं की तो सारखा यंत्र थांबवतो आणि मग माल कमी निघतो, म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावून ठेवतात. मला वाटलं होतं, निदान आता काढली असेल. दोन्ही खांबांना खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वर नवीन थर दिलेला, चकचकीत. करिष्माचा हात आत जात होता, पत्रा ठेवत होता, बाहेर येत होता. धप्प. पुन्हा आत. ती गुणगुणत असावी, ओठ हलत होते. पहारेकऱ्यानं पुडा माझ्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

परतीची बस चाकणच्या चौकात तास-दीड तास एका जागी उभी होती. कंटेनरच्या मागे कंटेनर. त्या वेळात मी पहिल्यांदा स्वतःशी सरळ बोलले. दिपालीची बोटं गेली, ती परत येणार नाहीत. माझी सही खोटी असो की खरी, त्यानं काही बदलत नाही, एवढं मी आतापर्यंत मनाशी धरून बसले होते. पण ती सही तिथंच थांबली नव्हती. स्वयंपाकघरात अपघात झाला म्हटल्यावर शेडमध्ये काही झालेलंच नव्हतं, आणि जिथं काही झालं नाही तिथली चिकटपट्टी कोण कशाला काढेल? ती पट्टी मीही लावली होती. हे कळलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप, आणि बरं वाटलं. फार दिवसांनी पोटात काहीतरी गरम गेल्यासारखं वाटलं. मी पुडा फोडला आणि बारा वाजून गेलेले असताना, सगळ्या बसच्या देखत, दोन बिस्किटं खाल्ली.

भंतेंशी मी दुसऱ्या सकाळी बोलले. ते वाईट आहेत असं सांगायला मला आवडलं असतं, गोष्ट सोपी झाली असती. मी एकोणतिसाव्या वर्षी भोसरीच्या वायरिंगच्या लाइनवरची नोकरी सोडून आले तेव्हा बाईला दीक्षा द्यायला कुणी तयार नव्हतं. हेच भंते मला दीक्षेसाठी गयेला घेऊन गेले, सगळ्यांचा विरोध अंगावर घेतला. वस्तीतल्या किती पोरांची दारू त्यांनी सोडवली. आजारी माणसाच्या उशाशी ते रात्र रात्र बसलेले मी पाहिले आहेत. मी करिष्माचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले की कुलदीपशी बोलतो. बोलतो म्हणजे पट्टी काढतील का, मी विचारलं. मग ते मला हळूहळू समजावू लागले. एका मुलीच्या दोन बोटांसाठी चाळीस मुलींचं छप्पर घालवायचं का? केंद्र बंद पडलं की या कुठं जातील, परत त्याच घरांत? आणि बाहेरचे लोक टपलेलेच आहेत. आपल्या विहारात असं चालतं म्हटल्यावर कोण हसेल, तुम्हाला माहीत आहे. दादांनी बांधलेला विहार आहे हा, आर्याजी. हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी म्हटलं, भंते, हे चुकतंय आणि त्यात तुम्ही आहात. त्यांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. फक्त नियमाची आठवण करून दिली: भिक्खुनीनं भिक्खूला दोष दाखवायचा नसतो. आहे तसा नियम. शंभर वर्षं चीवर घातलेली म्हातारीसुद्धा आज सकाळी दीक्षा घेतलेल्या पोराला वाकते आणि त्याला सुनावू शकत नाही. मी तो नियम मान्य करूनच चीवर घेतलं होतं. मी वाकले, तीन वेळा, आणि बाहेर आले.

त्या दुपारी दिपालीची आई आली. शालनबाई राजगुरुनगरकडची, चाकणच्या बाजारात कांदा निवडते. ती खोलीत शिरली की कांद्याचा वास आधी येतो. भंतेंनी किंवा कुलदीपनं तिला धाडलं असणार, पण ती जे बोलली ते तिचं स्वतःचं होतं. तिनंही, आमची काही तक्रार नाही, असं लिहून दिलेलं होतं. दिपालीला कुलदीपच्या ऑफिसात कायमचं बसवतो असा शब्द मिळाला होता. बोटं नसलेल्या पोरीला दुसरं कोण ठेवून घेणार? "आमचं मिटलंय, आर्याजी," ती म्हणाली. "तुमी मधी बोलू नका. तुमाला काय, चीवर हाय. आमाला प्वाट हाय." मी तिला करिष्माचं सांगितलं.  ती म्हणाली, तिची आई बघंल की तिचं. हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती आणि पदराचं टोक दोन बोटांत धरून पीळ देत होती. मी तिला काही वचन दिलं नाही. ती जाताना पाया पडली आणि मला वाटलं, पाय मागे घ्यावेत.

वर्षावास संपत आला होता. आश्विन पौर्णिमेला पवारणा असते. तीन महिने एका ठिकाणी राहिल्यावर भिक्खू आपल्याच लोकांसमोर हात जोडून म्हणतो, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तुम्हाला शंका आली असेल, तर माझ्यावर दया म्हणून सांगा. कळलं तर सुधारीन. हे आपापसांत करायचं असतं, पण आमच्याकडे भंतेंनी त्याचा जाहीर कार्यक्रम केला होता, माइकवर, उपासक-उपासिकांसमोर, चीवरदानाच्या आधी. आणि अकरा वर्षांत त्या विचारण्याला कधी कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. उत्तर द्यायचं असतं हेच लोक विसरले होते. शेवटचा शब्द पडला की सगळे साधु, साधु, साधु म्हणतात आणि चहाच्या किटल्या वाजू लागतात. भिक्खूंचं झालं की भिक्खुनीनं विचारायचं, तेही दोन्हींकडे: भिक्खूंना आणि भिक्खुनींना. नियम करणाऱ्यांनी बाईवर डबल तपासणी ठेवली होती. यावर मी वर्षानुवर्षं धुसफुसत आले, आणि पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तांदूळ निवडताना माझा हात सुपातच थांबला. भंतेंचा दोष काढायची मला मुभा नव्हती. माझा स्वतःचा लपवायचीही नव्हती.

सकाळी सभागृह भरलं. पांढरी लुगडी, पांढरे शर्ट, मुलींना त्या दिवशी सुट्टी दिलेली, कारण गर्दी दिसायला लागते. कुलदीप पुढच्या रांगेत, बायको-पोरांसह. भंतेंनी आपली पवारणा म्हटली, सुरेख आवाज आहे त्यांचा, आणि सगळे साधु म्हणाले. मग माझ्याकडे माइक आला. भीती वाटत होती का? वाटत होती. सकाळी न प्यालेल्या चहाची सारखी आठवण येत होती. मी म्हटलं, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा. लोकांनी साधु म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, थांबा, इतक्यात म्हणू नका. कुणी सांगत नसेल तर मी सांगते.

आणि सांगितलं. भाद्रपदात एका शनिवारी दिपालीची बोटं चाकणच्या शेडमध्ये, प्रेसखाली गेली. ती इथल्या स्वयंपाकघरात गेली असं मी लिहून दिलं. कागद कुलदीपनं आणला, भंतेंनी समोर बसून करवून घेतला, सही माझी. तेव्हा इथं ग्राइंडर नव्हता, तो दोन दिवसांनी आला. एवढ्यात माइक गेला. कुणीतरी वायर काढली होती. पण भोसरीला सहा वर्षं मशीनच्या आवाजावरून लाइनच्या दुसऱ्या टोकाला हाक मारत मी काम केलं आहे. मला माइक लागत नाही, तो मी इतकी वर्षं शिष्टाचार म्हणून धरत होते. मी चिकटपट्टीचं सांगितलं. करिष्माचं नाव घेतलं. करिष्मा दुसऱ्या रांगेत होती आणि पहिल्यांदाच तिला हसू येत नव्हतं. मी म्हटलं की हे सगळं मी लिहून काढलं आहे, उद्या कामगार कार्यालयात नेऊन देणार, खोटी सही केल्याबद्दल माझ्यावर जे व्हायचं ते होऊ दे. आणि सकाळी सहाला गाडी येईल तेव्हा मी फाटकात उभी असेन. ज्या मुलीला जायचं तिनं माझ्या शेजारून जावं, मी धरून ठेवणार नाही, पण त्या पट्टीचं माहीत नसताना कुणी जाणार नाही.

कुलदीप उठला आणि लोकांना म्हणाला की आर्याजींची तब्येत ठीक नाही. माझी तब्येत इतकी ठीक कित्येक महिन्यांत नव्हती. भंते मात्र बसूनच होते. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता आणि मला वाईट वाटलं. ते वाटायचं थांबवता येईना, म्हणून वाटू दिलं. ते हळू आवाजात म्हणाले, आर्याजी, नियम तुम्हाला ठाऊक आहे.

"ठाऊक आहे, भंते. मी तुमचा दोष काढलेला नाही. मी माझा सांगितला. त्यात तुमचं नाव येतं, त्याला माझा इलाज नाही."

"मग हे चीवर तुम्हाला ठेवता येणार नाही."

"चूक सांगितल्यानं चीवर जात नाही, लपवल्यानं जातं. काढून घ्यायचं होतं तर भाद्रपदात घ्यायचं होतं. आता मी देणार नाही."

हे मी बोलले आणि माझं मलाच नवल वाटलं.  साधु म्हणावं की नाही हे लोकांना कळत नव्हतं. काहींची मान खाली गेली होती, त्यांत माझ्या बापाच्या शिफ्टचे दोन-तीन म्हातारे होते. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, घरातलं घरात ठेवायचं होतं.  मला वाटलं, संपलं. आता किटल्या वाजतील, लोक मला वळसा घालून चहाला जातील आणि उद्या फाटकात मी एकटी असेन. तसं तर तसं, असंही वाटलं.

तेवढ्यात बायकांमधून शालनबाई उठली. आता ही मला शिव्या देणार, आणि तिला हक्क होता; तिच्या पोरीची नोकरी मी भर सभेत बुडवली होती. दिपाली तिला खाली ओढत होती. शालनबाईनं तिचा हात सोडवला.

"आमची तक्रार न्हाई म्हनून लिव्हलंय त्यावर माझी बी सही हाय," ती म्हणाली. "माझं बी सांगून टाका आर्याजी. तुमाला बोलाय येतं. मला न्हाई येत."

मला ते सांगता आलं असतं. जिभेवर आलंच होतं. अकरा वर्षं मी पुढे म्हणते आणि बाकीचे माझ्यामागून म्हणतात. मी मानेनं नाही म्हटलं.

"दुसऱ्याचं सांगता येत नाही, शालनबाई. तुमचं तुम्हीच सांगायचं."

तिनं पदर डोक्यावर सारखा केला. भंतेंकडे पाहिलं नाही, कुलदीपकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. घसा खाकरला. मग भरल्या सभागृहाकडे तोंड करून ती म्हणाली, "मी शालन. दिपालीची आई. चाकणच्या बाजारात कांदा निवडती. माझ्या पोरीची बोटं सैपाकघरात गेली न्हाईत."

पुढचं ऐकायला मी खाली बसले.